लाल खडूची फुली

बाई, मी आता गाझियाबादला एका लाकडाच्या वखारीत काम करतो. परदेशातून आलेल्या फळ्या ट्रकमधून उतरल्या की त्यांची टोकं ओल्या फडक्याने पुसायची, वर्तुळं बघायची, गाठी, चिरा, बाक तपासायचा आणि खडूने खूण करायची. चांगल्या फळीला निळी रेघ, वाईट फळीला लाल फुली. तुम्ही दिलेलं भिंग अजून वापरतो. त्याची मूठ तुटली तेव्हा मी सागाची बसवली. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांनी लिहायचं तर आधी काहीतरी चांगलं सांगावं, म्हणून भिंगापासून सुरुवात केली.

तुमचं करोल बागेतलं स्वयंपाकघर मला आठवतं. दहावीच्या सराव परीक्षेत मी विज्ञानाचे अर्धे प्रश्न कोरे सोडले होते, म्हणून शाळा सुटल्यावर तुम्ही मला पहाडगंजहून थेट घरी नेलंत. गॅसवर पोहे आणि ओट्यावर माझा पेपर. "पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, एवढं तर तुला येतं ना?" येतं, मी म्हणालो. "मग लिहिलं का नाहीस?" चुकलं असतं तर, मी म्हणालो. तुम्ही पोह्यांवर झाकण ठेवलंत आणि माझ्याकडे वळलात. "चुकलास तर मी दुरुस्त करीन. कोऱ्या कागदावर काय दुरुस्त करू, माझं कपाळ? ऱ्हस्वदीर्घ मात्र अगदी बघून घ्यावं. रिकाम्या पेपराचं शुद्धलेखन उत्तम." मी हसलो, पोहे खाल्ले आणि बोर्डाच्या परीक्षेत पुन्हा जागा कोऱ्या सोडून नापास झालो. त्यानंतर तुमच्यासमोर आलो नाही. भिंग तुम्ही आईच्या हाती पाठवलंत.

आमच्या वखारीत एक रीत आहे. लाल फुली ज्याने मारली, त्यानेच ती पुसायची. दुसरा कोणी, अगदी मालकसुद्धा, तिला हात लावत नाही. उद्या जिना मोडला तर पुसणाऱ्याचं नाव निघेल ही भीती. त्यामुळे माझ्यासारख्या माणसाला ही नोकरी फार मानवली. शंका आली की फुली. माझी फुली चुकली असं कोणी कधी म्हणत नाही, कारण फुली मारलेल्या फळीची खोकीच होतात, आणि खोक्यांवर कोणी चढत नाही.

बंदरावर जाऊन माल निवडायचं काम चाचांचं. चाचा म्हणजे वखारीतले सगळ्यात जुने माणूस. मला पहिल्या दिवसापासून "मराठे" म्हणून हाक मारतात आणि स्वतःच्या डब्यातलं लोणचं माझ्या पोळीवर ठेवतात. या थंडीत त्यांनी फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या फळ्यांची एक मोठी थप्पी स्वस्तात आणली. दलालाने सांगितलं होतं की त्या रानात पानांचा रोग आला, सुया अकाली गळायला लागल्या, म्हणून झाडं वेळेआधी तोडली. मी भिंग लावून टोकं पाहतो तर आतली वर्तुळं रुंद, ऐसपैस, आणि सालीकडची एकाएकी इतकी दाट की मोजता येईनात. झाडाचं स्वयंपाकघर बंद पडलेलं मला समोर दिसत होतं. मोबाइलवर वाचलं: सुया गळल्या की झाडाची वाढ खुंटते. तेवढं वाचलं आणि सगळ्या थप्पीवर लाल फुल्या मारल्या.

मालक हमालांसमोर चाचांना म्हणाले, "बीमार पेड़ उठा लाए? आँखें गई क्या?" चाचा म्हणाले, "सीधा माल लगा, बाऊजी."

दोन-तीन दिवसांनी फळ्या खोक्यांसाठी कापायला निघाल्या तेव्हा मी एक उचलली. ती तिच्या मापाच्या मानाने जड होती. मग मोबाइलवरचं तेच पान पुन्हा उघडून पुढचं वाचलं. या रोगाची बुरशी सुयांत राहते, लाकडात उतरत नाही. झाड जाड होत नाही हे खरं, हाती लाकूड कमी येतं हेही खरं. पण फरच्या या रोगात प्रत्येक वर्तुळातला वसंतातला फिका, हलका भाग जास्त आखडतो, उन्हाळा सरताना बनणारा गडद, घट्ट भाग तितका आखडत नाही. म्हणून जे काही लाकूड होतं ते बहुधा अधिक वजनदार आणि ताठ असतं. सगळ्या झाडांचं, सगळ्या रोगांत असं होत नाही, असंही तिथे लिहिलं होतं. पण मी फुली मारली होती ती याच झाडांवर, आणि अर्धं वाचून.

सगळे जेवायला गेल्यावर मी फुल्या पुसल्या. भिंगाखाली एकेक फळी पुन्हा तपासली, निळ्या रेघा ओढल्या. मालकांनी विचारलं, "क्या हुआ?" मी म्हणालो, "दोबारा देखा, माल ठीक है." यात खोटं काही नव्हतं. माझं चुकलं, चाचांचं बरोबर होतं, एवढी जागा मात्र मी कोरी सोडली. मालकांनी ती त्यांच्या मनाने भरली. हमालांना म्हणाले, "देखो, लड़के ने माल बचा लिया." आणि मग माझ्याकडे वळून, "आगे से पोर्ट पर तू जाएगा."

काल चाचा माझ्याशेजारी येऊन बसले. आता त्यांना फाटकावर गाड्यांची नोंद ठेवायला बसवलंय. म्हणाले, "मराठे, तूने मेरी इज़्ज़त रख ली, नहीं तो मेरा सारा माल डिब्बों में जाता." मी मान खाली घालून भिंग पुसत राहिलो. "शरमाता क्यों है, यार?" असं म्हणत त्यांनी आपली बॅटरी माझ्या हातात दिली. थप्पीच्या पोटातल्या फळ्या बघायला ते बंदरावर नेत, ती. "ऊपर की लकड़ी सब दिखाते हैं. अंदर रोशनी मारना." मी ती घेतली.

परवा निघायचंय. पिशवी भरलेली आहे, बॅटरी आणि भिंग एकाच कप्प्यात ठेवलंय. हे पत्र तीनदा तपासलं, बाई, शुद्धलेखनाची चूक सापडणार नाही. चाचांना हिंदी वाचता येतं. मलाही हिंदी लिहिता येतं. तरी मी हे मराठीत लिहिलंय.