दोनवरची टाळी

सर, काल नातीनं मोबाइलवर कसलंसं जॅझ लावलं आणि माझा हात आपोआप दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टेबलावर पडायला लागला. "आजी, तुला हे कुणी शिकवलं?" म्हणाली. आमच्या सरांनी, एवढंच सांगितलं. पुढचं तिला सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

सत्तरच्या दशकातल्या त्या शनिवारच्या दुपारी. कॉलेजची मागची खोली, आणि इंग्रजीचे प्राध्यापक तुम्ही, आम्हाला जॅझ ऐकवायला घरून सायकलला बांधून रेकॉर्ड प्लेअर आणताय. आम्ही बारा-पंधरा जण, त्यातले निम्मे पंख्याखाली बसायला आलेले. माझे बाबा वस्तीतल्या भीमगीतांना ढोलकी वाजवायचे, त्यामुळे माझी टाळी पहिल्या मात्रेवर, समेवरच जाऊन आदळायची. तुम्ही म्हणायचात, "काहून धावून राहिली वं समेवर? एक जाऊ दे. दोनवर दे, चारवर दे." मी घरी भाकरी थापतानाही तेच घोकायची. आई बाबांना म्हणायची, "पोरीले काय झालं जी?"

जमलं तेव्हा तुम्ही मला पहिल्या बाकावर बसवलंत. मला वाटलं, शाबासकी आहे. मग एकदा माझी टाळी चुकली आणि तुमची डोलणारी मानही तिथंच चुकली. तेव्हा कळलं, तुमचे कान जात चालले होते. माझ्या हाताकडे बघून तुम्ही ऐकत होता. मी कुणाला बोलले नाही, तुम्हालाही नाही. फार वाईट वाटायचं. हात चुकू द्यायचा नाही, एवढंच मनाशी धरलं.

आणि तो शनिवार. सुई अडकली, तेच तीन सूर पुन्हा पुन्हा. मी टाळी देतच राहिले. तुम्ही मान डोलावत म्हणालात, "पाहा, किती मोकळा वाजवून राहिला हा आता." मागून कुणीतरी ओरडलं, "सर, सुई अटकून गेली ना!" सगळा वर्ग खदखदला. मीही हसले, सर, आणि हात थांबला. तुम्ही प्लेअरकडे नाही, माझ्या हाताकडे पाहिलंत. मग सुई उचलून रेकॉर्ड पाकिटात घातलीत. पुढच्या शनिवारी खोलीला कुलूप होतं, त्यानंतरच्याही.

तुम्ही गेल्याचं मला पारशिवनीला, सासरी कळलं. त्या दिवशी भाकऱ्या थापताना हात चालेना. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, घडी करून ठेवायचा आहे, म्हणून खरं लिहिते. हसू आवरलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आवरलं असतं. सगळे हसत असताना मला एकटीला तुमच्या बाजूनं बसायचं नव्हतं.