बिनआवाजाची गाडी

६ जानेवारी

डिझेलचे शेवटचे टेम्पो आज गेले! फाटकातून बाहेर पडताना एकानं असा काही धूर सोडला की आम्ही सगळे खोकलो आणि मग हसलो. आता जुन्या शहरात पार्सलं वाटायला फक्त बॅटरीवरच्या तीनचाकी. आजवा रोडच्या गोदामात रांगेनं उभ्या आहेत, पांढऱ्या-हिरव्या. सुरू केल्या तरी कळत नाही. ड्रायव्हर हसत होते — "बेन, आ तो रमकडुं छे." खेळणं म्हणे. असू दे.

किती वर्षं मागे लागले होते मी. आधी पार्सलांवरचं प्लॅस्टिक काढलं. मग एकाच गल्लीत दिवसातून दोन-तीन फेऱ्या व्हायच्या, त्या एकत्र केल्या. मग ओळखीच्या दुकानांत पार्सल ठेवायची सोय केली, म्हणजे कुलपाचं तोंड बघून गाडी परत यायला नको. प्रत्येक वेळी अहमदाबादहून मयंकभाई, माझे वरचे साहेब, आधी नाही म्हणायचे आणि जमलं की मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून सांगायचे. सांगू देत!

नारळ फोडायला अप्पांना नेलं होतं. माझे सासरे. जन्मभर सायकलवरून टपाल वाटलं. मांडवीपासून दांडिया बाजारापर्यंत जुनी माणसं अजून 'मोहनराव टपालवाले' म्हणून ओळखतात. काचबिंदूनं डोळे गेले, आता उजेड कुठे नि अंधार कुठे एवढंच कळतं. गाडीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. म्हणाले, "आमच्या सायकलीला तरी कुठे धूर होता? तुम्ही फिरून फिरून तिथंच आलात." सगळे हसले. 

पहिली किल्ली राजेश्वरीला. गोदामात पॅकिंगला होती. स्वतःहून आली होती — ताई, मला चालवायला शिकवाल? नवरा सुरतेला कामाला, सणासुदीला येतो. सासू आणि मुलगी हिच्याकडे. किल्ली घेण्याआधी तिनं ओढणीला हात पुसले.

९ जानेवारी

मांडवीच्या दरवाजाशी उभी होते. आमची गाडी अगदी शेजारून गेली आणि मला कळलंच नाही! घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

१४ जानेवारी

उत्तरायण. दिवसभर गच्चीवर. उन्मेष, माझा नवरा, कॉलेजात एवढा गंभीर मास्तर, पण आज गळा बसेपर्यंत ओरडत होता. अप्पांच्या हातात मांजा दिला तर म्हणाले, "ओढ कळते, पुरे." पतंग कितीतरी वेळ त्यांनीच धरून ठेवला. उंधियू जरा जास्तच झालं.

२१ जानेवारी

झोप येत नाही म्हणून लिहिते.

अप्पांना गाडीनं उडवलं. आमच्या गाडीनं.

सकाळी नेहमीसारखे काठी घेऊन देवळात निघाले. एकटेच जातात. गल्ली न् गल्ली पाठ, कुणी हात धरलेला खपत नाही. देवळाच्या अलीकडच्या वळणावर पलीकडे जायला वळले आणि मागून गाडी. फार वेगात नव्हती म्हणतात. पण पडले ते खुब्यावर.

समोरच्या डेअरीवाल्यानं फोन केला म्हणून धावले. आधी पांढरा-हिरवा रंग दिसला. तरीही डोक्यात शिरेना. दुसऱ्या कुणाची तरी असेल, अशाच रंगाची — खरंच असं वाटलं! मग दारावरचं कंपनीचं नाव वाचलं. मग खाली बसलेली राजेश्वरी दिसली. अप्पांचं डोकं तिच्या मांडीवर. ती काहीतरी बोलत होती, तोंड हलताना दिसत होतं. मला एक शब्द आठवत नाही.

हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन. स्ट्रेचरवरून आत नेताना मी हात धरला तर अप्पा म्हणाले, "काही आवाजच आला नाही गं."

एवढंच. मी फॉर्मवर सह्या करत राहिले. सिस्टरनं पाणी आणून दिलं.

आवाज येत नाही म्हणून घरभर सांगत सुटले होते मी! आंधळा माणूस रस्त्यावर कशाच्या भरवशावर चालतो, हे घरात रोज बघत होते. आणि एकदाही मनात आलं नाही. एकदाही.

२२ जानेवारी

ऑपरेशन झालं. ठीक आहे म्हणतात. मला अजून काहीच ठीक वाटत नाही.

२४ जानेवारी

राजेश्वरी दवाखान्यात आली. जिन्यापाशी उभी होती, वर यायला धजत नव्हती. मी खाली गेले. डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, मी हॉर्न दिला होता. दोनदा."

मागून उन्मेष आला. इतकं चिडलेलं त्याला मी लग्नापासून पाहिलं नाही. नोकरी वाचवायला म्हाताऱ्या माणसावर ढकलतेस का, म्हणाला. आंधळ्या माणसाचे कान कसे असतात तुला माहीत आहे का.  तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी उन्मेषला घेऊन वर गेले.

डेअरीवाल्याला नंतर विचारलं, हॉर्न ऐकलात का? तो म्हणाला, "बेन, अहीं कोण नथी वगाडतुं?" खरंच आहे. त्या वळणावर दिवसभर सगळेच वाजवतात. पण अप्पांनी सांगितलं, आवाज आला नाही. अप्पा खोटं बोलत नाहीत. गाडीला आवाज नाही हे तर मी स्वतः मांडवीत पाहिलं. मग आणखी काय विचारायचं?

२९ जानेवारी

मयंकभाई आले होते. त्यांना प्रकरण लवकर मिटवायचं होतं. ड्रायव्हरला काढू, गाड्या चालू ठेवू. मी म्हटलं, ड्रायव्हरचं तुम्ही बघा, पण या गाड्या जुन्या शहरात आता मी फिरू देणार नाही. त्यांना आवाज करणारं यंत्र बसवा, मग बोलू.

ते बघतच राहिले. "निरुपमाबेन, तमे? तुम्हीच तर आणल्यात."

हो, मीच आणल्या. म्हणून मीच थांबवते.

यंत्रं यायला बरेच महिने जातील म्हणाले. तोवर डिझेलच. चालेल का? माझ्या तोंडून चालेल निघालं तेव्हा कुणीतरी दुसरंच बोलतंय असं वाटलं.

राजेश्वरीला कामावरून कमी केलं. 'ड्रायव्हरचं तुम्ही बघा' — हे माझंच वाक्य. ती किल्ली ठेवायला आली तेव्हा मी केबिनमध्ये होते. दार लोटून घेतलं.

३ फेब्रुवारी

टेम्पो परत आले. तेच! विकले गेले नव्हते अजून. गोदामाच्या भिंती नुकत्याच रंगवल्या होत्या. तीनचाकी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली.

दुपारी एका अंधशाळेच्या बाईंचा फोन. कुठून कळलं कोण जाणे. म्हणाल्या, आमची मुलं या नव्या गाड्यांना फार घाबरतात, तुम्ही स्वतःच्या कंपनीविरुद्ध उभ्या राहिलात, फार बरं वाटलं. मीही थँक्यू म्हटलं. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेतला. बरोबर केलं मी. बरोबरच केलं.

मग बाहेर टेम्पो सुरू झाला आणि खिडकी लावून घ्यावी लागली.

१७ फेब्रुवारी

खंडेराव मार्केटमध्ये राजेश्वरी भेटली. वालोळच्या शेंगा निवडत होती. मी वळून जाणार होते, पण तिनं आधी पाहिलं. पहिला प्रश्न — अप्पा कसे आहेत? मी सांगितलं, धरून उभे राहतात. तिला खरोखर बरं वाटलं. तोंडदेखलं नव्हतं ते.

एका केटररकडे भाज्या चिरायला जाते आता. मी काहीतरी पुटपुटले, बघते, कुठे ओळख आहे का. ती म्हणाली, "काम मिळेल हो ताई. पण मी हॉर्न दिला होता. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. मला वाटलं, ऐकलंय, थांबतील. तेच रोज डोळ्यांसमोर येतं."

मला राग आला! अजून तेच? आपली चूक कबूल का करत नाही ही? फटकन म्हटलं, झालं ते झालं. आणि भाजी न घेता घरी आले.

रात्री जेवताना उन्मेषला सांगितलं. तो म्हणाला, सोड. सुटत नाहीये.

११ मार्च

डॉक्टर खूश. अप्पा वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत फिरतात. पण पूर्वीसारखे बोलत नाहीत. रेडिओ लावून दिला तर म्हणतात, नको, बंद कर. मला वाटायचं, दुखत असेल.

आज कपडे बदलताना एकदम विचारलं, "ती मुलगी आहे का गं कामावर?"

मी शर्टाची बटणं लावत होते. म्हटलं, नाही अप्पा, काढलं तिला. त्यांनी माझा हात धरून ठेवला. मग सोडला. दुपारी जेवले नाहीत. उन्मेष म्हणाला, त्यांचा जीव हळवा आहे, कुणाचं वाईट झालेलं बघवत नाही त्यांना.

१९ मार्च

मयंकभाईंचा फोन. दीड महिन्यात जुन्या शहराचा डिझेलचा खर्च पुन्हा होता तिथे गेला. वरून विचारणा झाली की मी त्यांना तुमचं नाव सांगणार, म्हणाले. सांगा म्हटलं. यंत्रांची ऑर्डर गेली की नाही ते विचारलं, तर बोलणं दुसरीकडे नेलं.

आवाज नसलेल्या गाड्यांना आवाज हवाच, यावर मी आजही ठाम आहे. पण शेडमधल्या ताडपत्रीकडे बघवत नाही.

२६ मार्च

अप्पा आज पहिल्यांदा गल्लीत उतरले. वॉकर घेऊन पुढे, मी जरा मागे. मागून आमचाच डिझेल टेम्पो आला, धडधडत, हॉर्न देत. मी बाजूला झाले. अप्पा झाले नाहीत. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक. ओट्यावरच्या बाईनं कानांवर हात ठेवले. अप्पा रस्त्याच्या मधोमध, शांतपणे चाललेले. टेम्पो त्यांच्या पाठीशी येऊन थांबला, तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

"निरुपमा, धूर कुठून येतोय गं?"

घरी आणून बसवलं. डोळे गेल्यापासून आम्ही सगळेच त्यांच्याशी जवळ बसून, हात धरून, मोठ्यानं बोलतो. कुणाला कळणार होतं? कधीपासून, विचारलं. गेल्या पावसाळ्यापासून, म्हणाले. कानही गेले म्हणून सांगितलं असतं तर मला एकट्याला बाहेर सोडलं नसतंत.

वॉकर चाचपून बाजूला सारला. आणि मग, "त्या मुलीनं हॉर्न दिला होता का?"

हो, म्हटलं मी. त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. आणखी जवळ सरकून पुन्हा सांगितलं.