पाकोळीचे मालक

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

पोहे भिजवले, डिशवॉशर रिकामा केला, ह्यांचा थर्मास गरम पाण्यानं विसळून चहानं भरला. मग चिवड्याचा डबा, दोन पिशव्यांत बांधून, नाहीतर गाडीभर वास. महिन्याचा पहिला शनिवार असा सुरू व्हायचा. बाहेर हे विंडशील्डवरचा बर्फ खरवडत असायचे. मी दारातूनच डबा पुढे करायची.

"रेजाँला सांगा हं, यात शेंगदाणे आहेत."

"इतकी वर्षं खातोय तो, माधवी. मरायचा असता तर मेला असता!"

आणि हसत मॉन्ट्रियलजवळच्या लव्हालला निघायचे. सहा तास जायला. रविवारी परत.

आज पोहे एकटीपुरते भिजवले तरी वाटीभर उरलेच. हे जाऊन तेरा महिने झाले. हाताला अजून कळत नाही.

११ फेब्रुवारी

अल्बर्टाच्या संग्रहालयाचं उत्तर आलं. पाकोळी घ्यायला तयार आहेत! शेजारी पितळी पाटी लावणार : शोध आणि जतन – शरदचंद्र देवस्थळी, मिसिसागा. ते नाव वाचलं आणि जिन्यावरच बसले.

पाकोळी म्हणजे स्ट्रीमलायनर. तेवीस फूट लांब, माशासारखी निमुळती, चाकंसुद्धा पोटात. रस्त्यावर चालवायची गाडीच नव्हे ती. युटातल्या मिठाच्या मैदानावर सरळ रेषेत पळवायची, वेग मोजायचा, संपलं. रेजाँ आणि त्याचा थोरला भाऊ ल्युक, दोघांनी लव्हालच्या गॅरेजात बांधली. नाव ठेवलं इरोंदेल, म्हणजे पाकोळी. १९६७ मध्ये ल्युक तिच्यातच गेला. थांबवायचं पॅराशूट उघडलंच नाही. मग एक भंगारवाला, मग वेल्डिंग शिकवणारी एक शाळा, मग ऑरिलियाजवळच्या शेतकऱ्याचं कोठार. १९९४ पासून आम्ही.

हे सगळं ह्यांनी हुडकलं ते ओल्या सँडपेपरनं. एकेक रंग उतरवायचा. बादली मी धरलेली आहे, वॉनच्या त्या गारठलेल्या गाळ्यात. पांढऱ्याखाली शाळेचा पिवळा, पिवळ्याखाली हिरवा, आणि हिरव्यात ४१८, ल्युकच्या गाडीचा नंबर! त्या दिवशी पन्नाशीचा माणूस नाचला होता. मी अकरावी पास. पण या गाडीपायी लायब्ररीतली इतकी पुस्तकं वाचली की पुढे हे मलाच विचारायचे.

आता संग्रहालयाला मालकांची साखळी पुरी हवी. एकच कडी नाही – रेजाँनं भंगारवाल्याला गाडी दिली त्याचा कागद. रेजाँ जिवंत आहे. एका सहीचं काम. मार्चअखेरपर्यंत.

१३ फेब्रुवारी

फोन केला. त्याच्या मुलीनं, ओदेतनं, उचलला. मग तो आला.

"मादाम, तुमचे मिस्टर गेले. मला वाटलं संपलं."

"फक्त एक सही हवी आहे हो."

"त्यांनी सगळं नेलं. सही नाही. ती तेवढी नाही."

ठेवून दिला. मला इतका राग आला! वीस वर्षं माझा चिवडा खाल्ला या माणसानं.

१५ फेब्रुवारी

चैत्राली येऊन ड्राइव्ह-वे शोव्हल करून गेली. बूटही न काढता दारातच म्हणाली, "आई, लेट इट गो. इट्स अ डेड कार."

"तुझ्या बाबांची आहे ती."

"हो, आय नो. माझं ग्रॅज्युएशन शनिवारी होतं, आठवतंय? बाबा लव्हालला होते."

मी म्हटलं, मित्र एकटा असतो त्यांचा. ती फावडं आपटून गेली.

२२ फेब्रुवारी

गाळ्यात गेले होते. फायलींच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण, किल्ली ह्यांच्या दाढीच्या डब्यात मिळाली. आत एक तपकिरी पाकीट. पाकिटात बोटाएवढी वाकलेली लोखंडी पिन, तिला लाल फितीचा विटका तुकडा.

ही पिन काय असते ते मला पुस्तकातून माहीत आहे. गाडी ढकलत नेताना पॅराशूट चुकून उघडू नये म्हणून लावतात. पळायच्या आधी, अगदी रेषेवर, एका माणसानं ती काढायची आणि चालवणाऱ्याला हात वर करून दाखवायची. त्याचं तेवढंच काम. पाकोळीचा तो माणूस रेजाँ. चोवीस वर्षांचा होता. त्यानं जन्मभर सगळ्यांना सांगितलं की पॅराशूट अडकलं.

पाकिटावर ह्यांचं अक्षर : "२००२. शेपटीच्या चेपलेल्या पत्र्यात. जागेवरच होती. काढलीच नव्हती."

आणि आत घडी केलेले कागद. मराठीत.

"मार्च २००३ – पिन दाखवली. रडला. लॉगबुक दिलं."
"जून – ओदेतला सांगू का, एवढंच विचारलं. फोटो, सत्तावीस."
"ऑक्टोबर – दाखवली नाही. नुसतं खिशावर थोपटलं. ल्युकचं हेल्मेट."

चार पानं. गॉगल, हातमोजे, आईला लिहिलेली पत्रं. प्रत्येक वस्तू मी पुसून फडताळात मांडलेली आहे. मित्रानं प्रेमानं दिली म्हणून!

शेवटच्या पानावर : "सही सर्वांत शेवटी. सही झाली की जायला कारण उरणार नाही."

२३ फेब्रुवारी

चहा दोनदा केला. दोनदा ओतून दिला.

२५ फेब्रुवारी

मराठीत का लिहिलं? तिथं कुणाला वाचता येऊ नये म्हणून. मग मी? माझ्या लक्षात येणार नाही असं वाटलं, की आलं तरी मी काही करणार नाही असं?

माझ्या ऑपरेशननंतर सहा आठवडे ह्यांनी माझी वेणी घातली आहे. वाकडी, पण रोज. तोच हात खिशावर थोपटत होता. मला दोन माणसं वेगळी करताच येत नाहीत. रागावायला बसले की वेणी आठवते, रडायला बसले की खिसा.

२७ फेब्रुवारी

ठरलं. लव्हालला जायचं. पिन त्याची आहे, त्याच्या हातात द्यायची. हेल्मेट आणि बाकीचं चैत्राली नंतर गाडीनं पोचवेल. माफी मागायची. सही मागायची नाही.

कागद पर्समध्ये आहे. असू दे.

२ मार्च, रविवार. परतीच्या ट्रेनमध्ये

काल पोचले. दार उघडून ओदेत पाहतच राहिली. पन्नाशीची, ठसठशीत बाई. माझा कोट घेताना हळूच म्हणाली, "शनिवारच का निवडलात, मादाम? पहिला शनिवार?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिकीट मिळालं तेव्हाचं काढलं.

"पहिल्या शनिवारी सकाळी पापांना ओकाऱ्या व्हायच्या. डॉक्टर म्हणाले, पोट नाजूक आहे."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझे डबे रचून ठेवले होते, घासूनपुसून. तो चिवडा पापांनी कधी तोंडात घातला नाही म्हणे. ओदेतच ऑफिसात न्यायची. "आमच्या ऑफिसात सगळ्यांना फार आवडायचा," म्हणाली. चांगलं वाटावं म्हणून म्हणाली.

ती कॉफी करायला गेली. रेजाँ खिडकीपाशी खुर्चीत. एवढासा. कॉलर मानेपासून दोन बोटं सुटलेली. माफीची वाक्यं मी इंग्रजीत पाठ केली होती, किंग्स्टनपासून मॉन्ट्रियलपर्यंत. पर्स उघडली. पाकीट बाहेर काढलं.

त्यानं पाकीट ओळखलं. मी अजून एक शब्द बोलले नव्हते.

"द्या," तो म्हणाला.

मी पाकीट पुढे केलं. त्यानं मान हलवली. "ते नाही. कागद. कागद द्या."

इथं मला बोलता आलं असतं. मी त्यासाठी नाही आले, एवढंच. पाठ होतं!

मी कागद दिला. पेनही दिलं. टोपण उघडून.

फार वेळ लागला त्याला. 'र'नंतर थांबून दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तारीखसुद्धा घातली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आता संपलं, मादाम?"

"हो."

मग त्यानं माझ्या मांडीवरच्या पाकिटाकडे बोट केलं. पिन मागितली नाही. नुसतं बोट.

तेवढ्यात ओदेत कॉफी घेऊन आली, म्हणून मी पर्स बंद केली. – नाही. इथं तरी खोटं नको. ती आली तेव्हा पाकीट आत जाऊन पर्स बंद झालेली होती.

कॉफी प्यायले. दोन बिस्किटं खाल्ली. बर्फाबद्दल बोललो. निघताना ओदेतनं गालांना गाल लावले, "पापांना कुणी भेटायला येत नाही हो, बरं झालं आलात." हॉटेलात शिरल्यावर कळलं, हातात डब्यांची पिशवी आहे.

हे वाईट होते, असं परवापर्यंत लिहिता येत होतं. त्यांना वीस वर्षं लागली आणि सही मिळाली नाही. मला कॉफी उकळेपर्यंतचा वेळ लागला.

उद्या तो कागद फाडायचा. तुकडे आणि पिन रेजाँला पाठवायची, सोबत दोन ओळी. चैत्रालीलाही आत्ताच फोनवर सांगितलं. ती रडली. "थँक यू, आई," म्हणाली.

३ मार्च, सोमवार

दहा वाजता कुरियरच्या दुकानात जाऊन कागद अल्बर्टाला पाठवला. सोबत पाटीसाठी ह्यांच्या नावाचं स्पेलिंग लिहून दिलं.