कोपरा न कापलेलं कार्ड

३ जून
आठला ऑफिस उघडलं. टपालात पत्र होतं. तीस जूनला काउंटीचं शाळा-कार्यालय बंद. हजेरी, मुलांची शिरगणती, दाखले – सगळं ज्या त्या गावच्या शाळा-मंडळाकडे. माझी बावीस वर्षं साडेचार ओळींत संपली. घरी येऊन कालचंच बटाट्याचं सूप गरम केलं.

५ जून
व्हिटबेकबाईंनी पत्र दोनदा वाचलं. चौदा वर्षं इथल्या शिक्षणाधिकारी आहेत. चष्मा काढून म्हणाल्या, "ऑर्डिस, कपाटं मी आवरते. कार्डांचं तू बघ."

काउंटीतल्या प्रत्येक मुलाचं एक कार्ड. कुटुंब गाव सोडून गेलं तर निळी रेघ. मूल वारलं तर वरचा उजवा कोपरा कापायचा, लिहायचं काहीच नाही. बाईंच्याही आधीची रीत. आई कधी काही कामाला आली, तर टेबलावर तो शब्द तिच्या नजरेला पडू नये.

माझ्या जोनेलचं कार्ड मी अजून कापलेलं नाही. तळ्यावरचा बर्फ तिच्या पायाखाली फुटला त्याला पंधरा महिने झाले. नऊ वर्षांची होती. बाईंनी एकदा कात्री पुढे केली होती. माझं तोंड पाहून परत खणात ठेवली.

१२ जून
गावच्या सभागृहात बैठक. शाळा-मंडळाचा अध्यक्ष डेल रूडबर्ग तावातावाने बोलला. "आमची पोरं आम्हाला नावानिशी ठाऊक आहेत. मध्ये हे काउंटीचं बुजगावणं हवंय कशाला?" टाळ्या! मागून कोणीतरी – "बुजगावण्याला पगार नसतो, डेल!" हशा. मी वही मिटून बसले होते.

जोनेलला पुरलं त्या दिवशी चर्चच्या तळघरात नंतरच्या जेवणासाठी खुर्च्या डेलनेच मांडल्या होत्या.

२४ जून
निरोपाचा केक. खूप गोड.

२८ जून
कार्डांची खोकी न्यायला डेल पिकअप घेऊन आला. मी म्हटलं, कापलेल्या कार्डांचं जरा समजावून सांगते.
"अगं, कार्ड ते कार्ड! सगळं कॉम्प्युटरवर घालणार आहोत. तू सुटलीस आता, ऑर्डिस. मासे पकड जा."
मासे. मला म्हणतो, तळ्यावर जा.

कापलेल्या कोपऱ्यांचं सांगायचं तसंच राहिलं. त्याने ऐकून घेतलं नाही असं लिहिणार होते, पण ते पुरतं खरं नाही. जोनेलचं कार्ड तेव्हा माझ्या हातात होतं. कात्री खणात होती. वेळही होता. तिच्या वर्गातल्या मुलांच्या कार्डांत ते तसंच अख्खं सरकवलं आणि खोकं चिकटपट्टीने बंद केलं. कुठेतरी पटावर राहू दे.

३० जून
किल्ली दिली. बाई रडल्या. मी गाडी काढली.

१४ जुलै
काही नाही. घेवडा उकडला. खाल्ला नाही.

२३ ऑगस्ट
शाळा सुरू झाली. दिवसभर पडदे ओढून इस्त्री करत बसले.

८ सप्टेंबर
शाळा-मंडळाचं पत्र. 'आपली मुलगी जोनेल, इयत्ता पाचवी, शाळा सुरू झाल्यापासून विनापरवानगी गैरहजर आहे. पाच दिवसांत खुलासा न केल्यास पालकांवर कारवाई होईल.' खाली सही – डेल रूडबर्ग.
नावानिशी!

फोन उचलला. ठेवला.

शिवणाच्या डब्यातून कात्री घेतली. पत्राचा वरचा उजवा कोपरा कापला. पत्र पाकिटात घालून त्यावर डेलचा पत्ता लिहिला. त्याला कळणार नाही. कोणाला तरी विचारावं लागेल.

स्टॅम्प लावला. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि टाकून आले.