तुझ्या घरी काढलेली रजा

प्रिय अक्का,

आजारपणाची जवळजवळ सगळी रजा तुझ्या घरी काढली आणि तुला कळवायचं राहूनच गेलं. परवा धुळ्याला जाऊन कामावर हजर व्हायचंय. भाऊजी मळ्यात गेलेत, तुझी सून वैशाली नातीला बालवाडीत सोडायला गेलीय. असोद्याच्या या घरात आत्ता मी एकटाच आहे, म्हणून लिहायला बसलो. तू असतीस तर पत्राची गरजच पडली नसती. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडाकडे बघून सगळं काढून घेतलं असतंस.

मला काय झालं होतं, हे सांगायलाही अवघड आहे. ताप नाही, खोकला नाही. लोकांना दिसेल असं काहीच नाही. वीज गेली की सगळ्या तालुक्याचा फोन मला, हे तुला माहीतच आहे. तू म्हणायचीस, माझा भाऊ जेवायला बसला की दुसऱ्याच्या घरचे दिवे जातात. अलीकडे मात्र जेवणच जात नव्हतं. फोन वाजला की दचकायचो आणि नाही वाजला तरी सारखा उचलून बघायचो. स्मिता म्हणायची, झोपेतही तुम्ही कुणाला तरी लाईन बंद करा म्हणून सांगता. मी हसण्यावारी न्यायचो.

मग वैशाखात ते वादळ झालं. खांब आडवे झाले, तारा शेतात पडल्या. आम्ही सगळे घराबाहेरच होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका गावची दुरुस्ती झाली, लाईन चालू करायची होती. मी उपकेंद्रात फोन लावला. ड्यूटीवर रेखाताई होत्या. मी त्यांना लाईनचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहेब, त्या लाईनवर आपला माणूस चढलेला आहे. परत एकदा नाव सांगा."

अक्का, मला नाव येईना. रोज दहा वेळा घ्यायचो ते नाव. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, तोंड उघडं होतं, आणि आत काहीच नव्हतं. रेखाताई म्हणाल्या, तुम्ही बसून घ्या, नाव कळल्याशिवाय मी काही चालू करणार नाही. मी खरंच तिथे मातीत बसलो. समोर खांबावर आमचा लाईनमन दिसत होता. पाठमोरा, निवांत काम करत होता.

तो खाली उतरल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. न सांगता राहवलंच नसतं. तो बाटलीतलं पाणी प्याला, थोडं त्यानं मला दिलं. मग तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "साहेब, आते घर जा. बठ्ठं आम्ही देखतस." सगळं तेच बघणार म्हणे. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि पट्टा काढून पुन्हा बांधून मोजला. साखरही वाढलेली. मुख्य म्हणजे झोप नाही, आणि झोप नसलेल्या माणसानं विजेचं काम करायचं नाही, एवढंच ते म्हणाले. पूर्ण रजा घ्या, घरी बसून फोनवर काम असली रजा नको.

तरी मी ते सर्टिफिकेट खिशात घालून हिंडत होतो, यावर तुझा विश्वास बसेल ना? तुला नाही बसणार तर कुणाला! आमच्या साहेबांनी तोंडावरच विचारलं की ताण कुणाला नसतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर रजा कशी सुचते? मला शरम वाटली. हात मोडला असता तर प्लास्टर दाखवता आलं असतं. शेवटी स्मितानंच अर्ज लिहिला आणि माझ्यापुढे ठेवला. ती कधी आवाज चढवत नाही, तशी तेव्हाही चढवला नाही. फक्त म्हणाली, "मला तुमची बढती नको. तुम्ही पाहिजेत." मी सही केली.

घरी राहून काही साधेना. आमच्या गल्लीत वीज गेली की लोक सरळ दारात यायचे. मग एक दिवस भाऊजींचा फोन आला. त्यांना स्मितानं कळवलं असणार. इकडे ये म्हणाले. मी टाळत होतो. खरं सांगू? तुझ्या उत्तरकार्यानंतर मी या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, बायकांना असतं तसं माहेर मला तुझ्यामुळे होतं. तू नसताना त्या दारात उभं कसं राहायचं? भाऊजींना मी एवढं काही बोललो नाही, पण त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, "तू ये तर खरा. घर काय तिच्यासंगं गेलं का?"

आलो. पहिला आठवडा नुसता झोपलो. वैशालीनं आल्या आल्या माझा फोन मागून घेतला. तुझ्या हेमंतला बायको तूच शोधलीस ना? तुझीच निवड, लगेच कळतं. धुळ्याहून कुणाचाही फोन आला की ती गोड आवाजात सांगायची, मामा झोपलेत. मी तिच्यासमोर बसून चहा पीत असलो तरी हेच. पुढे पुढे फोन वाजायचा आणि माझं लक्षही जायचं नाही. ज्या दिवशी हे जाणवलं, त्या दिवशी मी स्मिताला मुद्दाम फोन करून सांगितलं.

भाऊजी सकाळी मला मळ्यात घेऊन जायचे. चालायला सांगितलंय ना डॉक्टरांनी, म्हणून मोटरसायकल घरीच ठेवायची. केळीत शिरलं की ऊन बाहेर राहतं. ते वाळलेली पानं कापायचे, मी ओढून बांधावर टाकायचो. आम्ही दोघं कमीच बोलायचो. तुझं नाव तर निघतच नव्हतं. मी काढलं की ते पाण्याच्या नळ्या बघायला उठून जायचे.

एक दिवस मीच त्यांना त्या लाईनची गोष्ट सांगितली. नाव आठवलं नाही ते, आणि मातीत बसलो ते. त्यांनी कोयता खाली ठेवला. मग म्हणाले, "म्या गाडी काढेल होती रे दिगू. तिनं चावी घेतली अन् पिठाच्या डब्यात टाकली."

नातीच्या बारशाचा दिवस. सकाळपासून तुझी छाती जड होती. त्यांनी जळगावला दवाखान्यात न्यायचं ठरवलं, आणि तू चावी लपवलीस. पाहुणे जेवून जाऊ द्या, मग जाऊ. हसत होतीस म्हणे. भाऊजी म्हणाले, "मले वाटलं, हसून राहिली म्हणजे इतकं काही नसंल." पाहुणे जेवून गेले. तुझं जायचं राहिलं, आणि संध्याकाळी तूच गेलीस.

असं का केलंस गं? एक पंगत तुझ्याशिवाय उठली नसती का? वैशालीच्या माहेरचे काय म्हणतील, याचीच काळजी ना? अक्का, ते लोक आजही मला भेटले की तुझ्यासाठी डोळे पुसतात. एका जेवणाचं कुणीही मनावर घेतलं नसतं. तुझ्यावर मी कधी रागावलो नाही, पण त्या दिवशी मळ्यात रागावलो. भाऊजी तीन वर्षं ते एकटे सोसत होते. मी त्यांना एवढंच म्हणालो की तिनं एकदा ठरवलं की तिच्यापुढे तुमचं किंवा माझं कधी काही चाललंय का? ते रडले. मीही रडलो. मग आम्ही मोटर चालू करून तोंडं धुतली आणि घरी आलो.

वाटेत मला सुचलं आणि मी विचारलं, तुम्ही तुमचा रक्तदाब कधी मोजलाय? ते म्हणाले, मला काय झालंय? हे उत्तर मी ओळखतो. दुसऱ्या दिवशी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवलं आणि चावी माझ्याच हातात ठेवली. जळगावच्या डॉक्टरांनी दोघांना तपासलं. माझा बराच खाली आला होता. भाऊजींचा माझ्यापेक्षा जास्त निघाला! त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आता गोळी चालू आहे. वैशालीनं त्याच दिवशी लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. परवा ती वाणसामानाला गेली असताना तुझा नवरा स्टुलावर चढलेला मी पाहिला. मी स्टूल धरलं. हे तिला कळलेलं नाही.

आता मी बरा आहे. अगदी पूर्वीसारखा नाही, आणि तसं व्हायचंही नाही. मधे एक दिवस धुळ्याला जाऊन साहेबांना भेटलो आणि मीटर तपासणीच्या विभागात बदली मागितली. तिथे खांबावर कुणी नसतं. बढतीची फाईल मागे पडेल असं त्यांनी बजावलं. पडू दे म्हटलं. त्यांनी नाखुशीनं का होईना, सही केली. लाईनमनलाही भेटलो. त्यानं हात धरून ठेवला, कामाचं काहीच काढलं नाही, तब्येत विचारली.

आज भाऊजी मला न घेताच मळ्यात निघाले. मी जाणार म्हणून. त्यांना म्हटलं, दर महिन्याला एकदा मी येईन, आपण दोघं मिळून दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, मग माझा नंबर पहिला लाव.

तुला एक वचन देतो, अक्का. मला काही दुखलं, जड वाटलं, झोप लागली नाही, तर घरात पंगत बसलेली असो की सगळा तालुका अंधारात असो, मी त्याच घटकेला सांगीन. आणि भाऊजींना सांगायला लावीन. तू आमची काळजी करू नकोस.

तुझा लाडका भाऊ,
दिगू