अर्जदारास स्वतःचे पैसे न मिळणेबाबत

प्रति,
मा. उपडाकपाल,
बाजारपेठ उपडाकघर, चोपडा.

अर्जदार : हितेंद्र जीवराम महाजन, केळीच्या काट्यावरील मापाडी, राहणार दीपचंदशेठ यांची भाड्याची खोली.

विषय : अर्जदार आवर्ती ठेव मुदतीआधी मोडण्यास आल्यास त्यास ठाम नकार मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. दोन्ही मंजूर.

महोदय,

१) सविनय सादर की, अर्जदाराचा पगार चौदा हजार असून स्वतःच्या दोन खोल्यांचा विसार भरण्यासाठी तो गेली नऊ वर्षे बचत करीत आहे. घर अद्याप नाही. यात आपल्या कार्यालयाचा काडीचाही दोष नाही, दोष अर्जदाराच्या हौसेचा आहे.

२) पहिली ठेव मोडून अर्जदाराने दोंडाईच्याहून चौकटीसह सागवानी दरवाजा आणला. कारण, स्वस्तात मिळत होता. "पहिले घर ल्या, मंग दरवाजा," असे पत्नी कामिनी हिचे म्हणणे पडले, परंतु तोवर टेम्पो निघाला होता. सदर दरवाजा आज खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. भाडेकरारात माणसे तीन, मग हा चौथा कोण, अशी विचारणा दीपचंदशेठ दरमहा करतात.

३) दुसऱ्या ठेवीतून लोखंडी गोल जिना घेण्यात आला. तो मेहुण्याच्या शेतात उभा असून कोठेही जात नाही. त्यावर शेळ्या चढतात. त्यांना उतरवायला मेहुणा अर्जदारासच बोलावतो.

४) आता धुळ्यात फरशी निम्म्या दराने निघाली आहे आणि तिसऱ्या ठेवीस नुकतीच तीन वर्षे झाली आहेत. अर्जदार आज त्याचसाठी आपल्याकडे आला. परंतु सकाळी निघताना मुलगी डिंपल, वय सहा, हिने त्या दरवाजाची कडी वाजवली व विचारले, "पप्पा, हाऊ दरवाजा कवय उघडी?" दरवाजा कधी उघडणार, असे ती विचारते; मागे भिंत आहे हे तिला माहीत आहे. अर्जदारास फार वाईट वाटले. फॉर्म भरूनही तो तासभर आपल्या बाकावरच बसून आहे, खिडकीपर्यंत जाववत नाही.

५) तरी विनंती की, राहिलेली दोन वर्षे अर्जदार कितीही गयावया करो, ओळखी सांगो, डोळ्यांत पाणी आणो, त्यास आल्या पावली परत पाठवावे. फरशी, नळ, पंखा यांपैकी कशाचेही नाव त्याने काढल्यास कामिनीस फोन लावावा. पुढचे ती पाहून घेईल.

आपला नम्र व स्वतःच्याच जाचास कंटाळलेला,
हितेंद्र जीवराम महाजन
चोपडा, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : ठेव मोडण्याचा फॉर्म, भरून सही केलेला. अर्जदाराच्या हाती परत देऊ नये.