विहीर खात्याची वही

राणीसावरगाव,
चैत्र वद्य पंचमी, फसली १३५४

प्रिय गोविंदा,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीनं पडला. खोडला असता तर कागद वाया गेला असता, म्हणून राहू दिला. तुझं पत्र आणि आबांची विहीर खात्याची वही, दोन्ही पोचलं. वही मोडीतून बाळबोधीत उतरवून पाठवायची, म्हणजे विहीर आपल्या घराची असा पुरावा तुला तहसिलीत जोडता येईल. वर 'गिचमिड तेवढी गाळ' ही सूचना. तुला ती गिचमिडच दिसणार. परभणीला उर्दूत शिकून तू पाथरीच्या कचेरीत कारकून झालास, पण बापाचं मोडी अक्षर काही तुला लागत नाही. मला लागतं, कारण आबांचे डोळे गेल्यावर त्यांना दप्तर वाचून दाखवायला ही विधवा लेकच होती. तेव्हा तू मला आयतं खाणारी म्हणायचास. विसरले नाही मी.

आता इथलं ऐक. तुझ्या संत्र्यांना पाणी पुरावं म्हणून तू विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीची काटेरी झाप लावलीस आणि लिंबाजीला काठी देऊन तिथं बसवलंस. भर उन्हात बाया ओढ्यात झरे उकरतात. परवा आश्रुबाची बायको धुरपताबाई रिकामी घागर घेऊन ओसरीशी आली. म्हणाली, "माय, तुमच्या भावाला आमी काय बोलावं? कागदात आमचं नाव हाय का न्हाई, तेवढं बघा." म्हणून मी पहिल्या पानापासून बसले.

गोविंदा, त्या वहीत सगळं गाव जेवतंय, घाम गाळतंय. विहीर खणली त्या वर्षी कुणाकडे रोकड नव्हती. मुंजाजी न्हाव्यानं वर्गणीऐवजी मजुरांची वर्षभर फुकट हजामत केली, ते मांडलंय. कस्तुराबाईच्या नावावर रोज एक घागर ताक. मनकर्णा, तुझ्या लिंबाजीची आई, पोटुशी असून मातीच्या टोपल्या वाहायची, दिवसाला सव्वा शेर ज्वारीवर. मोहरमच्या सवारीसाठी दोन दिवस काम बंद. पाणी लागलं त्या दिवशी अर्धा शेर गूळ वाटला, तोही उधारीचा. एवढी घरं आहेत, आणि आपल्या घराच्या नावापुढं काय आहे? काही नाही. कोरं.

त्याखेरीज आपलं नाव फक्त सतराव्या पानावर आहे आणि ते तुझं आहे. जसंच्या तसं लिहिते: 'विहीर खात्यातून रुपये पंधरा हाली शिक्का, चि. गोविंदाच्या परभणीच्या बोर्डिंगास. सबब आश्रुबाची खडक फोडल्याची चाळीस दिवसांची मजुरी देणे राहिली. सुगीत द्यावी.' त्यानंतर अठरा सुग्या झाल्या. जमा कुठंही नाही. हे वाचून मला आबांचीसुद्धा लाज वाटली. पण त्यांनी निदान स्वतःच्या हातानं लिहून तरी ठेवलं. आश्रुबानं कधी तोंड उघडलं नाही, उलट तुला पाथरीची गाडी पकडायची असली की ट्रंक डोक्यावर घेऊन चालायचा. आणि तू त्याच्याच बायकोच्या वाटेत काटे लावलेस! तुझं ते उर्दू, ती टोपी, ती कचेरी, सगळं त्याच्या पहारीवर उभं आहे.

काल मी पारावर बसून अख्खी वही मोठ्यानं वाचली. बाईमाणसानं पारावर बसू नये म्हणून दोघंतिघं कुरकुरले, मग तेही ऐकत बसले. मनकर्णेचं नाव आलं तेव्हा लिंबाजीनं ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग तो उठला आणि झाप त्यानंच ओढून फेकली. हात रक्ताळले त्याचे. काठी मी तुझ्यासाठी सांभाळून ठेवली आहे.

नक्कल तयार आहे, एक ओळही गाळलेली नाही. ती तुला पाठवत नाही. उद्या आश्रुबा घेऊन तहसिलीत जाईल. तू तिथं आबांच्या नावानं शपथ घ्यायला उभा राहणार आहेस. त्याआधी सतरावं पान तुला ठाऊक असावं, एवढ्याचसाठी हे पत्र. नंतर इकडे आलास तर पंधरा रुपये घेऊन ये आणि माझ्यासमोर आश्रुबाच्या हातात दे. त्याची जमा मी मोडीतच मांडीन. बरोबर मांडली की नाही, हे तुला दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल.

तुझीच, कारण ते काही बदलता येत नाही,
नर्मदाक्का